सुई तरंगली का, सर?

एकच प्रयोग सव्वीस वर्षं शिकवला की विज्ञान आहे तेवढंच राहतं, किस्से मात्र साठत जातात. माझा प्रयोग सोपा. ग्लासभर पाणी घ्यायचं, त्यावर शिवायची सुई आडवी ठेवायची. ती तरंगते. पाण्याच्या वरच्या थराला ताण असतो, तो सुईला पेलतो. पृष्ठताण! मुरुडजवळच्या आमच्या शाळेत दरवर्षी हे सांगून सांगून माझाच ताण वाढलाय.

*

पहिल्या वर्षी सुई ठेवली की बुडे. दहा वेळा! शिपाई दत्तूमामा दारातून बघत होते. शेवटी म्हणाले, "सर, ग्लासात काय खोट न्हाई. मी सोता साबणानं घासून चकाचक करून आणलाय!"

साबणानं ताण मोडतो, हे पुस्तकात पुढच्याच पानावर होतं. ते पान मी वाचलं नव्हतं.

*

एकदा तपासणीला साहेब आले. त्या दिवशी सुई पहिल्याच झटक्यात तरंगली! साहेब वाकले. "चुंबक कुठं लपवलंय?"

"न्हाई साहेब, पृष्ठताण."

"बघू," म्हणत त्यांनी बोट घातलं. सुई तळाला! शेरा आला, 'प्रयोग फसला. शिक्षकांनी तयारी करावी.'

*

एका उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू झाला. मी बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, ग्लासभर पाणी मागितलं.

"लेकरांना प्यायला न्हाई, अन् तुम्ही सुया पोहवून राहिले?"

बाईंचं बरोबर होतं. प्रयोग खडूनं फळ्यावर काढला. परीक्षेत एका मुलीनं लिहिलं, 'सुई फळ्यावर तरंगते.' पूर्ण मार्क देऊन टाकले. वाद घालायची ताकद नव्हती.

*

'प्रयोग घरी करा' असं सांगितलं, ती तर माझीच चूक. दुसऱ्या दिवशी सानिकाचे वडील हजर. "सर, पोरीनं आईच्या शिलाईच्या सुया रांजणात सोडल्या. आता पाणी कोण पिणार?"

रविवारी त्यांच्या घरी गेलो. दोरीला चुंबक बांधून तासभर रांजणावर वाकून बसलो. सात सुया निघाल्या.

"किती टाकल्या होत्यास गं?"

"ध्यानात न्हाई, सर."

*

यंदा माझ्या हाताला कंप सुटलाय. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. सातवीच्या वर्गासमोर तीनदा सुई बुडाली. पोरं हसली असती तर बरं वाटलं असतं. कुणीच हसलं नाही.

शाळेची खिचडी शिजवणाऱ्या रुक्मिणमावशी ओले हात पदराला पुसत दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या.

"सर, तुमी ठेवून राहिले. ठेवायची नसती, निजवायची असती."

त्यांनी सुई घेतली, पाण्याला टेकवली आणि बोटं अशी हळूच काढली की पाण्याला पत्ता लागला नाही. सुई तरंगली. वर्गात टाळ्यांचा कडकडाट!

"मावशी, हे कुठं शिकलात?"

"पाच लेकरं निजवली, सर. पोरांनो, उठा आता, खिचडी गार होऊन राहिली!"