राजीनामा कुठल्या भाषेतला?

आता स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडाने सांगायची म्हणजे... थांबा, आधी चहा ओता. हसायचं नंतर!

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाने यंदा एक जुनी शोकांतिका बसवली आणि मी चक्क महाराज! आजवर भालदार-चोपदारच वाट्याला आलेले. हा मुकुट जाऊ नये म्हणून मी गणपतीला नवससुद्धा बोललो होतो.

पण एक गोष्ट काही पटेना. हा राजा सगळ्या राज्याचा न्याय तोलूनमापून करतो आणि जिच्यावर जीव टाकतो त्या राणीला एक शब्दही न विचारता हाकलून देतो! आमच्या दिग्दर्शिका वसुधाताईंशी मी रोज भांडायचो, "अहो, शहाणा माणूस असा वागेल का?"

"वागतो. तुम्ही पाठांतर करा ना!"

म्हणून मी जयेंद्रगंजातल्या आमच्या गच्चीवर पाठांतर करायचो. अगदी खणखणीत!

एका सकाळी स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. शरयू फोनवर होती, तेही दबक्या आवाजात. "वसुधाताई, ह्यांना आत्ता काही कळू देऊ नका. राजीनामा होऊन जाऊ दे, मग सांगू. भदौरियाजी तयार आहेत."

राजीनामा? माझा? आणि शेजारचे भदौरिया महाराज होणार? ज्यांना मराठीत धड 'या, बसा' म्हणता येत नाही ते?

मग काय, सगळंच दिसायला लागलं! भदौरिया खिडकीत उभे राहून मिशांना पीळ देताहेत. कशासाठी? शरयू डबाभर पुरणपोळ्या घेऊन त्यांच्याकडे निघाली. का बरं? सरळ विचारायचं की नाही? छे! एकदा संशय आला की माणूस विचारत नाही, पाळत ठेवतो. मी दिवसभर पडद्याआडून ठेवली.

संध्याकाळी शिंदे की छावनीत तालमीला पोचलो तर हॉलमध्ये वसुधाताई, शरयू आणि मधोमध खुर्चीत भदौरिया. समोर पेढे!

माझं डोकंच फिरलं. पेटीतला मुकुट काढून टेबलावर आपटला. "घाला ह्यांच्या डोक्यावर! आणि हा घ्या माझा राजीनामा! शरयू, तू घरचीच असून माझा गळा कापलास!"

भदौरिया ताडकन उठले. मला वाटलं, आता हात उगारतात. तर त्यांनी मला मिठीच मारली!

"वाह भाईसाहब! आप भी राजीनामा करने आए हैं? हमने तो थाने में कह दिया, समझौता हो गया, शिकायत वापस!"

"कैसी शिकायत?"

"अरे, आप रोज़ छत पर दहाड़ते थे ना? हमें लगा, भाभीजी को घर से निकाल रहे हैं! भाभीजी ने समझाया कि नाटक है."

झालं! आमच्याकडे हीच पंचाईत. निम्मं वाक्य मराठी, निम्मं हिंदी. मधला शब्द कुठल्या भाषेतला, ते बोलणाऱ्यालाच ठाऊक. हिंदीतला राजीनामा म्हणजे समेट हो! बायकोने मला पोलिसांपासून वाचवलं, माझं पाठांतर बिघडू नये म्हणून पत्ताही लागू दिला नाही आणि मी चारचौघांत तिलाच नको ते बोललो. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वसुधाताईंनी मुकुट उचलून माझ्या हातात ठेवला. "घ्या. आता पटला ना राजा?"

घरी येताना शरयू स्कूटरवर मागे बसली होती. मीच म्हणालो, "अगं, चुकलं माझं. आपलाही राजीनामा होऊन जाऊ दे ना."

"होऊन जाईल की!" ती म्हणाली. "फक्त एवढं सांगा, हिंदीतला करू, की मराठीतला देऊ?"