रतनचे एकट्याचे सोळा ठोके

रतन आणि पायल पहिल्यांदा भेटले तेव्हा स्वारगेटचा चौक पावणेदोन दिवस बंद होता. निदान रतन तसं सांगतो. पुढे वरात, मागे कात्रजपर्यंत गाड्या, आणि घोड्यावर चढताना गुळगुळीत असलेल्या नवरदेवाला दाढी फुटलेली. त्या गर्दीत वरातीच्या बँडमधल्या रतननं आपल्या युफोनियममधून, म्हणजे छातीशी धरून फुंकायच्या त्या पितळी वासरातून, असा खर्ज काढला की वाहतूक पोलिसाची शिट्टी त्याच्याच घशात परत गेली आणि मागे स्कूटरवर अडकलेल्या पायलच्या हेल्मेटची काच आपोआप वर झाली.

"काका," ती म्हणाली, "रविवारी मोकळे आहात का?"

"मुहूर्त नसेल तर मोकळाच."

पायल एका बँडमध्ये बास गिटार वाजवायची. बँडचं नाव 'उद्या पाणी नाही'. वर संतापून ओरडायचं आणि खाली कंबर हलेल असं वाजवायचं, याला ही मुलं पंक-फंक म्हणतात. शनिवारी तिचा निरोप आला: "उद्या पाणी नाही, दहा वाजता, कात्रज." रतननं आधी घरातले सगळे हंडे भरले, मग सकाळी गेला.

नव्या गाण्यात पायलनं त्याला वाजवायला सोळा ठोके दिले. एकट्याचे. एकतीस वर्षं तो बावीस जणांच्या मागं नुसतं पूं-पूं धरत आला होता. वाद्यही बँडच्या मालकाचं, कामापुरतं बाहेर, एरवी कायम दुकानात. त्याची बायको हिरा दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत कान देऊन चालायची आणि घरी म्हणायची, "तुमचं काही वेगळं कळलं नाही बाई." आता तिचा डावा कान गेला होता. उजवाही फार दिवस टिकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"गाणं येऊ दे," रतन तिला म्हणाला. "त्यात मी एकटाच आहे."

रेकॉर्डिंगला घोळ झाला. त्या सोळा ठोक्यांच्या तोंडाशीच पोरांनी ॲम्ब्युलन्सचा भोंगा घातला होता. भोंगा ऐकला की वरातीचा बँड वाजवायचं थांबवून बाजूला होतो. रतनही थांबला. नऊ वेळा. शेवटी भोंगा बंद केला, तेव्हा मात्र त्यानं पोटातून वाजवलं. ड्रमवाला शुभंकर म्हणाला, "काका, बेक्कार." ही स्तुती आहे, असं पायलनं रतनला समजावून सांगितलं.

गाणं नेटवर यायला पाच महिने लागले. आलं त्या संध्याकाळी रतननं मोबाइल हिराच्या उजव्या कानाला लावला आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत बसला. भोंगा झाला. मग काहीच नाही. सोळा ठोके नुसती शांतता, आणि पुन्हा आरडाओरडा.

हिराचा चेहरा उतरला. "अहो, भोंग्यानंतर मला काही ऐकूच आलं नाही. हाही जायला लागला का?"

रतननं पायलला फोन लावला.

"काका, तुम्ही थांबलात ना, तेच ठेवलं. सगळे त्या गॅपबद्दलच बोलतायत."

"आणि वाजवलेलं?"

"ते डिलीट झालं हो. तुमचं नाव टाकलंय पण."

रतननं फोन ठेवला. "कान चांगला आहे तुझा," तो हिराला म्हणाला. "तिथं मी थांबलोय."

"एवढ्या वर्षांनी एकट्याला दिलं, आणि थांबलात?"

दुसऱ्या दिवशी तो मालकाकडं गेला. वाद्य तासाभरासाठी घरी न्यायचं होतं. पण ते दुरुस्तीला मेरठला गेलं होतं, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास परत येणार होतं.

हिराचा उजवा कान नवरात्रात गेला.