केलरमधला राजा

जर्मनीत, आमच्या डार्मश्टाटच्या जुन्या बाजारातून मी ते चित्र घरी आणलं, तेव्हा नवऱ्याने कपाळाला हात लावला. एकोणिसाव्या शतकातलं, धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. एक कृष्णवर्णीय नट, राजाच्या वेशात, हात तलवारीच्या मुठीवर. कॉलेजच्या एकांकिकेत मला दरवर्षी मोलकरीण मिळायची. पाठांतर माझं चोख, पण लाइटमध्ये तुझा चेहरा उठत नाही, म्हणायचे. हा माणूस मला पाहताक्षणी आवडला. सोफ्याच्या समोरच्या भिंतीवर मी त्याला ऐटीत लावला.

मला सातवा लागला आणि सासूबाई बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या. बॅगेत केशराच्या डब्या आणि गोऱ्यापान, गुटगुटीत बाळाचं पोस्टर. पोटुशी बाई जे पाहते तसं मूल होतं, यावर त्यांचा ठाम विश्वास.

"अगं, दिवसभर ह्याच्या तोंडाकडे बघत बसतेस? काढ आधी ते!"

"अहो आई, मोठा नट होता तो."

"असेल, त्याच्या घरी."

मी पीएच.डी. केलेली बाई. हसले, आणि स्वतःच्या हाताने चित्र उतरवून खाली केलरमध्ये, तळघरातल्या अडगळीत, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. भांडण नको म्हणून काढलं, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं आहे ते. मलाही भीती वाटली होती. केशराचं दूध तर मी कुणी न सांगता, रोज दोनदा प्यायचे.

मुलगी झाली. माझ्याच रंगाची. दुपटं बाजूला करून सासूबाई म्हणाल्या, "ते चित्र काढायला उशीरच झाला म्हणायचा." मी तेव्हाही हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

गेल्या महिन्यात केलर आवरताना आठ वर्षांच्या लेकीने ते चित्र फिरवलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. बाहीने काच पुसून ती कितीतरी वेळ बघत राहिली. मग काचेवर आपला हात ठेवून म्हणाली, हा राजा तर माझ्यासारखा आहे. केवढी खूश झाली होती!

आणि मी, क्षणभरही न थांबता, अगदी लाडाने म्हणाले, "छे गं! तू काही एवढी काळी नाहीस."

तिने हात काढून घेतला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग चित्र दोन्ही हातांनी उचललं आणि होतं तसं, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.