कॅपिबारासारखं बसायचं

कॅपिबाराचे व्हिडिओ आमच्या घरी आई बघते, माझ्या मोबाइलवर. पहिला बघितला तेव्हा म्हणाली, "अगं बाई, ही घूस! केवढी माजलीय!" आमच्या भांडुपला घुशींचा तुटवडा नाही, त्यामुळे ते ओघानेच आलं. ही घूस नाही, उंदरांच्या कुळातला सगळ्यात थोरला आहे, दक्षिण अमेरिकेत नदीकाठी राहतो, असं मी सांगितलं. तेव्हापासून तिला तो रोज लागतो. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेला, डोळे अर्धे मिटलेले, पाठीवर एखादा पक्षी, शेजारी माकड. कुणी येवो, कुणी जावो, हा आपला बसलेला.

"कसा शांत आहे बघ," आई म्हणते आणि माझ्याकडे बघते.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. खुबा मोडल्यापासून आई व्हीलचेअरवर आहे. आमचं घर तळमजल्यावर, पण बिल्डिंगच्या दाराशी चार-पाच पायऱ्या. तेवढ्यासाठी ती घरात अडकली होती. तिथे रॅम्प हवा होता, आणि रॅम्प केला की दोन स्कूटरची जागा जाणार होती. सोसायटीत सरळ 'नाही' असं कुणीच म्हणत नसे. मीटिंगमध्ये कुणीतरी टोमणा मारायचं, मी भडकायचे, आणि सेक्रेटरी हात जोडून म्हणायचे, "ताई, वातावरण तापलंय. हा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ."

आईने एकदा सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तू ओरडलीस की ते सुटतात. त्या प्राण्यासारखी बस की जरा."

पुढच्या मीटिंगला मी ठरवूनच गेले. पहिल्या रांगेत बसले. रॅम्पचा विषय निघताच मागून आवाज आला, "एवढ्याशा तर पायऱ्या, उचलून न्यायचं ना आईंना!" माझे कान तापले. दोन्ही हात मांडीखाली दाबून मी म्हटलं, "रॅम्पचा निर्णय आज हवाय." मग पार्किंगचं रडगाणं झालं. मी तेच वाक्य म्हटलं, त्याच आवाजात. सेक्रेटरींनी सवयीने हात जोडले खरे, पण वातावरण काही तापलेलं नव्हतं. जोडलेले हात त्यांनी हळूच खाली घेतले.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या, गुडघे दुखणाऱ्या काकू मागून उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. नुकतेच आजोबा झालेले एक काका आले. म्हणाले, "बाबागाडीलाही बरं पडेल." आणखी दोघी आल्या. इतकी वर्षं माझ्या बाजूची खुर्ची रिकामीच असायची. शेवटी हात वर झाले आणि रॅम्प मंजूर झाला. मला रडू आलं, आणि तेही मी गुपचूप गिळलं.

रॅम्प तयार झाला त्या संध्याकाळी आईने ठेवणीतली साडी नेसली. मी खुर्ची ढकलत दाराशी आणली, तर रॅम्पवर आडवी स्कूटर. माझं तोंड उघडलंच होतं.

"ब्रेक लाव," आई म्हणाली.

मी ब्रेक लावला. आई दारात ऐसपैस बसली, पदर सारखा केला. येणारे-जाणारे थांबायला लागले. "काय झालं मावशी?" आई म्हणायची, "काही नाही, बसलेय." कुणीतरी वर फोन केला. टोमणा मारणारे गृहस्थ धावत खाली आले, जमलेली माणसं बघून ओशाळले आणि स्कूटर काढली.

मी ब्रेक सोडला. उतार फारसा नव्हता, तरी मी खुर्ची दोन्ही हातांनी गच्च धरली होती. पुढे भाजीवाल्याची गाडी, रिक्षा, उघडा रस्ता.

"अगं, सोड ना जरा," आई म्हणाली. "मला जाऊ दे."