बहिणीच्या वाट्याला आलेलं वाक्य

आयलर्टच्या आठवणींचं पुस्तक बोर्गहिल्डने दुपारच्या कॉफीबरोबर उघडलं, आणि कॉफी गार होऊन गेली तरी तिला भान नव्हतं. तिचा हा धाकटा भाऊ ऑस्लोतला नावाजलेला नट. त्याने उत्तरेकडच्या या बेटावरचं बालपण लिहिलं होतं: अंथरुणाला खिळलेली आई, बोटीवर गेलेले वडील आणि खिडकीशी एकटाच बसलेला पोरगा. बहिणीच्या वाट्याला एक वाक्य आलं होतं. 'तिला घराची ओढ होती, ती तिथेच रमली.'

रमली म्हणे! बोर्गहिल्डच्या अंगाचा तिळपापड झाला.

तरुणपणी तिला बोडोच्या नौकानयन शाळेत प्रवेश मिळाला होता. मोठ्या मालजहाजाची कप्तान व्हायचं तिच्या मनात होतं. बॅगही भरून झाली होती. त्याच आठवड्यात आईला अर्धांगाचा झटका आला. एवढा कॉड मासळीचा मोसम सांभाळ, असं वडील म्हणाले, आणि त्या मोसमाची नऊ वर्षं झाली. आईला भरवणं, तिची कूस बदलणं, आयलर्टचा अभ्यास घेणं, सगळं तिच्यावर पडलं. पुढे मासळीच्या कारखान्यातलं काम, लग्न, मुलगी सुनीवा, मग वैधव्य.

महिन्याभराने आयलर्ट गावच्या वाचनालयात पुस्तक वाचून दाखवायला आला. बोर्गहिल्ड मुद्दाम पुढच्या रांगेत बसली. त्याने नेमकं तेच प्रकरण वाचलं. खरं काय ते जाणणाऱ्या म्हाताऱ्यासुद्धा डोळे पुसत होत्या, आणि ते पाहून तिचं डोकं आणखी तापलं. प्रश्न विचारायची वेळ आली तशी ती उठली.

"तू त्या खिडकीशी एकटा बसायचास, तेव्हा तुला जेवायला कोण वाढत होतं?"

आयलर्ट रंगमंचावर हसतात तसं हसला. "बोर्गा, या माझ्या आठवणी आहेत."

"आठवणी तुझ्या, आयुष्य माझं होतं. मला घराची ओढ होती, हे तुला सांगितलं कोणी?"

त्याचं हसू मावळलं. "बाबा म्हणायचे," तो हळूच म्हणाला. "आणि तू कधी नाही म्हणाली नाहीस."

ती तडक बाहेर पडली. वाटभर त्याला शिव्या घालत होती, पण त्याचं बोलणं काट्यासारखं रुतून बसलं होतं. खरंच, ती कधी नाही म्हणाली नव्हती. आणि गेल्या हिवाळ्यात सुनीवाने आईच्या गुडघेदुखीपायी बर्गन शहरातली नोकरी नाकारली, तेव्हा शहाणी पोर म्हणून हिनेच तिची पाठ थोपटली होती. तेव्हा तिच्या तोंडून वडीलच बोलले होते, हे आज कळलं, आणि तिला स्वतःचाच संताप आला.

घरी पोचल्यावर तिने कोटही न काढता मुलीला फोन लावला. "बर्गनची ती जागा अजून आहे का?"

"असेल. पण आई, तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझे मी बघेन. उद्याच विचार त्यांना. आणि माझ्यासाठी थांबलीस तर याद राख, घरात घेणार नाही."

ती जागा भरली गेली होती, पण तिथेच दुसरी मिळाली, आणि उन्हाळा सरता सरता सुनीवा गेली.

शरद ऋतूत आयलर्टचा फोन आला. नवी आवृत्ती निघतेय, तिच्यावर एक अख्खं प्रकरण घालतो, असं तो मोठ्या मायेने सांगू लागला. बोर्गहिल्डने त्याला मध्येच तोडलं.

"नको," ती म्हणाली. "ते एक वाक्य काढ, आणि मला तुझ्या पुस्तकातून मोकळी कर."