चंदगडच्या वाटेवर एक ‘हाय’

जायचं ठरलं ते शाळेतल्या टॅबमुळे. टॅब मुलांना तोंडी प्रश्न विचारतो आणि उत्तरावरून पातळी ठरवतो. चंदगडच्या अलीकडच्या एका गावात पाचवीतली श्रेया सलग तीनदा ‘मुळाक्षरे’ पातळीवर अडकली होती. चौथ्यांदाही तसंच झालं, तर वर्षभर तिला टॅबवर अ-आ-इच गिरवावं लागणार. चाचणी समक्ष घ्यायला शिक्षण विभागाच्या ऑफिसनं मला पाठवलं.

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून पहाटेच निघाले. गाडी चुकेल या धास्तीनं स्टँडवर तासभर आधी पोचले, आणि गाडीच उशिरा आली. बायकांना तिकीट अर्धं आहे, पण हाडं पूर्ण खिळखिळी होतात. गडहिंग्लजला चहा-वडा खाऊन घ्या, पुढं भरवसा नाही. आणि परतीची गाडी कंडक्टरला विचारूनच उतरा.

मी विचारलं, तेही दोनदा. कंडक्टर वैतागले, “चारला हाय म्हटलं की, पावणं! लिहून देऊ काय?”

शाळेत श्रेयानं आधी मला पुस्तकातलं अख्खं पान घडाघडा वाचून दाखवलं. मग टॅबसमोर बसली. पडद्यावर झाड आलं. “झाडावर पक्षी आहे का?”

“हाय.”

“हाय! मी तुमची काय मदत करू?”

“मदत नगं. पक्षी हाय!”

“हाय! मी तुमची...”

वर्ग खिदळला. गुरुजींनी कपाळाला हात लावला. “दर खेपेला दोघं एकमेकांस्नी रामराम घालत्यात, मॅडम. तुम्हीच दाबा की बरोबरचं बटण.”

ती फसवणूक झाली असती. मी श्रेयाला म्हटलं, “‘आहे’ म्हणून बघ.”

“तसं भाषणात म्हणत्यात.” पण म्हणाली. टॅबनं टाळ्या वाजवल्या. पुढचे सगळे प्रश्न तिनं ‘आहे’, ‘नाही’ करत सोडवले, प्रत्येक वेळी आधी माझ्याकडे बघून.

ते बघणं मला चांगलं ओळखीचं. सात वर्षांची होईपर्यंत काकूनं मला घरीच शिकवलं, ‘हाय-न्हाय’मध्येच. शाळेत पहिल्याच दिवशी सगळे हसले. तेव्हापासून प्रत्येक वाक्य आधी मनात तपासते.

निकाल पाठवायला रेंज फक्त थांब्याजवळच्या काजूच्या झाडाखाली. तिथं उभी होते, तर श्रेया धावत आली. “मॅडम, गाडी आली...” थांबली, विचार केला. “...आहे.” तोवर ड्रायव्हरनं गिअर टाकला होता. पळत जाऊन कशीबशी चढले.

घरी आले तेव्हा पाठ मोडलेली आणि निकाल टॅबच्या कंपनीकडून परत आलेला. ‘सुधारणेचे कारण’ हा रकाना सक्तीचा म्हणे! मी लिहिलं : ‘सुधारणा झालेली नाही. मुलीला वाचता येतच होतं, मी स्वतः ऐकलं. तुमच्या टॅबला हाय कळत न्हाय.’

पाठवण्याआधी तीनदा तपासलं. ‘न्हाय’ तसंच ठेवलं.