आमच्या चुलीचा पाइप

मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कुणी हुशार म्हटलेलं फार आवडायचं. लग्न होऊन मी दारव्ह्याजवळच्या त्या गावात गेले आणि धुराने माझे डोळे सदा लाल राहू लागले. ते पाहून त्यांनी पत्र्याचा पाइप आणला, चुलीला स्वतः धुराडं बसवलं आणि आल्यागेल्याला दाखवत सुटले.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. आज ना उद्या चढेल म्हणून मामाजींनी सगळा कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत भरून ठेवला. स्वयंपाकघर आणि कापूस यांच्यात मातीची एकच भिंत, तीही वर हातभर उघडी. शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, वाळायच्या आधीच उपटून सरपणाला आणलेली. ओली पऱ्हाटी जळते कमी, धुमसते जास्त. पाइपात आतून डांबरासारखी काजळी साचली आणि सांध्यातून काळे थेंब थेट माझ्या परातीत पडू लागले.

दोराला गोणपाट बांधून पाइप घासा, असं मी तीनदा सांगितलं. ते उद्या म्हणायचे. चौथ्यांदा माझं डोकं फिरलं आणि या पाइपापेक्षा धूर बरा होता, असं बोलून गेले. ते त्यांना फार लागलं. काजळी जाळूनच टाकतो म्हणत त्यांनी चुलीत तुरीची वाळलेली तुराटी कोंबली आणि पेटवली. मी कोपऱ्यात चूल सारवायला पोताऱ्याची माती कालवत होते.

आधी पाइप घुमला, मग लाल झाला. वरच्या सांध्यातून ठिणग्या उडू लागल्या, अगदी भिंतीच्या उघड्या भागाजवळ. मामाजी पाण्याची बादली घेऊन नुसते उभे. मी ओल्या मातीचं अख्खं घमेलं चुलीच्या तोंडावर उपडं केलं आणि दोन्ही हातांनी फटी लिंपल्या. हवा बंद झाली तसा पाइप हळूहळू काळा पडला.

संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचं ठरलं, पाइप काढायचा. मीही मान डोलावली. कापसापुढे माझे डोळे ते काय! मामाजींनी तेवढी मान डोलावली नाही. म्हणाले, "कापूस उद्याच इकून टाकतो. पाइप नाही काढत मी. हिच्या डोयातलं पाणी पाह्यवत नाही मले."

सकाळी बैलगाडी भरून कापूस गेला, मिळेल त्या भावात. पंधरा दिवसांनी भाव चढला. गावात सगळे तेच बोलत होते. शनिवारी मामाजी मात्र दोर आणि गोणपाट घेऊन छपरावर चढले आणि वरून मला म्हणाले, "खाली परात ठेवू नको, काजळी पडन."

मी परात उचलली. डोळ्यांत पाणी होतं आणि त्या दिवशी चूल पेटलेलीही नव्हती.